स्वावलंबी घराची सुरुवात नेमकी कोणत्या कामापासून करावी?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. घर अधिक स्वावलंबी व्हावे म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही बऱ्याच वस्तू आणल्या. मागच्या महिन्यात सलग 3 दिवस नळाला पाणी नव्हते आणि त्याच काळात वीजही वरचेवर जात होती. त्या 3 दिवसांत यांतील जवळजवळ कोणतीच वस्तू उपयोगी पडली नाही, आणि ही गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे.

पाण्यासाठी आणलेली 200 लिटरची 4 पिंपे जिन्याखाली रिकामीच उभी होती. इन्व्हर्टरसाठी घेतलेली 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी 8 महिने न जोडता कोपऱ्यात पडून होती; ती जोडल्यावर जेमतेम 10 मिनिटे दिवे लागले. भाजीपाल्याच्या बियाण्यांची पाकिटे स्वयंपाकघराच्या खिडकीतील फळीवर वर्षभर ऊन आणि वाफ खात आहेत. त्यातच न्हाणीघरातला नळ गळू लागला, आणि पाणी परत आल्यावर तो थांबवायचा म्हटले, तर मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या एकालाही सांगता आले नाही. मनासारखे झाले आहे ते एकच काम: बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून घेवडा, मका आणि पालेभाज्या भरून ठेवण्याचे. अशा 11 बरण्या फळीवर तयार आहेत.

आम्ही घरात चौघे आहोत. घर एकमजली असून वर साधारण 45 चौरस मीटरची सपाट गच्ची आहे. आठवड्यातून 4 ते 5 तास या कामांना देता येतील. जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की या सगळ्यात आधी काय हाती घ्यावे, पाणी किती दिवसांचे साठवावे, 4 पिंपे गच्चीवर भरून ठेवली तर चालतील का, आणि ती बॅटरी व ती बियाणी यांचा काही उपयोग उरला आहे का.

पान्हा

उंबरठा, आपण वस्तूंची यादी सविस्तर दिली आहे, पण माझ्या मते आपल्या लिखाणातले सर्वांत मोलाचे वाक्य मुख्य कॉकविषयीचे आहे. पाणी घरात कुठून शिरते, वीज कुठून तोडता येते आणि सांडपाणी कोणत्या बाजूने जाते, हे माहीत नसताना आणलेली प्रत्येक नवी वस्तू आपला भार वाढवते. म्हणून पहिल्या आठवड्याचे 4 तास काहीही विकत न घेता घरातच घालवावेत.

मुख्य कॉक शोधा आणि तो फिरतो का ते पाहा. वर्षानुवर्षे न हललेला कॉक धरून बसतो. तो एकदम जोर लावून पिळला तर दांडा मोडण्याची भीती असते, म्हणून थोडा पुढे, थोडा मागे असे करत तो हळूहळू मोकळा करावा. विजेच्या पेटीतला प्रत्येक खटका कोणत्या खोलीचा आहे, ते चिठ्ठी चिकटवून लिहावे. मग ही दोन्ही ठिकाणे घरातल्या चौघांनाही दाखवावीत, आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कॉक एकदा बंद करून पुन्हा उघडावा.

त्यानंतर गळका नळ घ्यावा. पिळून बंद करायचा जुन्या पद्धतीचा नळ असेल, तर दोष बहुधा आतल्या रबरी वायसरचा असतो. कॉक बंद करून पाइपात उरलेले पाणी वाहू द्या आणि न्हाणीच्या जाळीवर एक फडके टाका, कारण मुठीचा बारीक स्क्रू त्या जाळीतून खाली गेला की सगळे काम अडते. मूठ काढून पान्ह्याने मधला आटेदार भाग सोडवा. त्याच्या खालच्या टोकाला वायसर असतो. झिजलेल्या वायसरवर नळाच्या आतल्या बैठकीचा गोल ठसा खोल उमटलेला दिसतो आणि त्या ठशाच्या कडेने रबर चिरलेले असते. नवा वायसर बसवण्याआधी करंगळी आत घालून बैठकीची कड चाचपावी. ती खडबडीत लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल, तेव्हा आधी ती कड घासून गुळगुळीत करून घ्यावी लागेल. नळ पाइपातून पूर्ण काढावा लागला, तर परत बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळलेली टेप नळ फिरवताना सुटून गोळा होते. एवढे एक काम नीट झाले, की पुढच्या दहा कामांची भीड चेपते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

यानंतर एक चाचणी करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. सुटीच्या दिवशी सकाळी मुख्य कॉक आपणहून बंद करावा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत साठवलेल्या पाण्यावरच राहावे. संध्याकाळी 4 तास विजेचा मुख्य खटकाही खाली ओढावा. घरात कोणी विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण वापरत असेल, तर विजेचा भाग अर्थातच वगळावा. त्या दिवशी किती तांबे, किती बादल्या लागल्या, काय शोधावे लागले आणि काय सापडलेच नाही, हे एका वहीत लिहीत जावे. आधी काय करावे या आपल्या प्रश्नाचे उत्तर ती वहीच देईल, आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही सल्ल्यापेक्षा अधिक खरे असेल.

पाणवठा

पान्हा यांनी सांगितलेली चाचणी अवश्य करावी. तोवर हिशेबाला आधार म्हणून एक आकडा देतो. आपत्तीच्या काळातील मदतकार्यात स्फिअर मानके वापरतात. त्यांत पिणे, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी धरले आहे. चौघांचे 60 लिटर झाले. म्हणजे 2 भरलेली पिंपे आपल्याला 6 दिवसांहून थोडी अधिक पुरतील, आणि बाकीची 2 पिंपे पावसाच्या पाण्यासाठी मोकळी राहतील.

गच्चीवर मात्र ती भरून ठेवू नयेत. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, तेव्हा 4 पिंपांचे 800 किलो होतात. निवासी मजल्यांची रचना करताना साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास वापरभार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरलेला असतो, आणि 200 लिटरचे पिंप जेमतेम पाव चौरस मीटर जागेवर उभे राहते. चारही पिंपे स्लॅबच्या मधोमध एकत्र उभी करणे म्हणजे भिंती आणि तुळयांपासून सर्वांत दूरच्या भागावर सगळे वजन टाकणे होय. गच्चीवर टाकी ठेवायचीच असेल, तर बांधकामाच्या अभियंत्याला दाखवून ती तुळईच्या किंवा भारवाहक भिंतीच्या वर घ्यावी. उंचीमुळे पाण्याला दाब मिळतो हे खरे, पण 1 मीटर उंचीला मिळणारा दाब 0.1 बार एवढाच असतो. बादली भरण्यासाठी पिंप जमिनीवर अर्धा मीटर उंच पक्क्या ओट्यावर ठेवले तरी काम भागते.

पिंपे पूर्वी कशासाठी वापरलेली होती, ते नक्की ठाऊक आहे का? रसायनांची पिंपे कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नयेत. पिंप प्रकाश आत न जाणारे हवे, नाहीतर शेवाळ धरते. झाकणाला फट असेल तर बारीक जाळी ताणून बांधावी, कारण उबदार हवेत डासांच्या अंड्यांतून पूर्ण वाढलेले डास बाहेर पडायला 8 ते 10 दिवस पुरेसे होतात. साठवलेले पाणी पिण्यापूर्वी खळखळून 1 मिनिट उकळावे. 2000 मीटरहून अधिक उंचीवर राहत असाल तर 3 मिनिटे.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळते. आपल्या 45 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटरची एक सर आली, तर 450 लिटर पडतात; सांडणे, उडणे आणि ओलीत मुरणे वजा जाता त्यांतील साधारण 350 लिटर हाती लागतील, म्हणजे मोकळी ठेवलेली 2 पिंपे एकाच सरीत जवळजवळ भरतील. त्यामुळे पावसाळ्याच्या ठिकाणी पाणी मिळण्याची अडचण सहसा नसते, ते स्वच्छ मिळण्याची असते. गच्चीवरची धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या मिलिमीटरभर पावसात सर्वाधिक वाहून येते, म्हणून तेवढे पाणी, आपल्या बाबतीत 45 लिटर, वेगळे वळवावे. आतून 100 मिलिमीटर व्यासाच्या उभ्या पाइपात दर मीटरला जवळपास 8 लिटर मावतात. पन्हळीतून येणाऱ्या नळीला असा, खालच्या टोकाला टोपण लावलेला पाइप जोडला, की घाण पाणी आधी त्यात भरते आणि तो भरल्यावरच पुढचे पाणी पिंपाकडे जाते. टोपणाला एक बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे दोन सरींच्या मधल्या वेळात पाइप आपोआप रिकामा होतो. हे पाणी धुणे, झाडे आणि संडासासाठी वापरावे. पिण्यासाठी वापरण्याची वेळ आली, तर गाळून आणि उकळूनच.

दिवेलागण

बॅटरीविषयी लिहिते. शिसे-आम्ल बॅटरी न वापरता ठेवली तरी हळूहळू उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात. ते धरले की क्षमता कायमची घटते. तरीही लगेच टाकून देऊ नका. कमी प्रवाहावर सावकाश पूर्ण चार्ज करा, मग काहीही न जोडता रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्टेज मोजा. 12.7 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती पूर्ण भरली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. आकडा चांगला दिसला तरी क्षमता उरली आहेच असे नाही. ठरावीक दिवे लावून किती तास टिकते हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. पाणी घालायच्या प्रकारची असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, आणि धन टोकाला शक्य तितका जवळ फ्यूज असावा.

चांगल्या स्थितीतल्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास असतात. ही जात निम्म्याहून अधिक वारंवार उपसली तर लवकर संपते, म्हणून 600 धरावेत. इन्व्हर्टरमध्ये जाणारा भाग वजा केला की 500 च्या आसपास उरतात. 9 वॅटचे 3 एलईडी दिवे 5 तास लावले तर 135, राउटर 10 तास चालला तर सुमारे 100, आणि 50 वॅटचा एक पंखा 5 तास चालला तर 250. झाले, बॅटरी संपली. इस्त्री, गीझर, विजेची शेगडी यांचा विचारही यात करता येत नाही. फ्रीजसाठी बॅटरी वाढवत नेण्यापेक्षा वीज गेल्यावर त्याचे दार न उघडण्याची शिस्त अधिक उपयोगी पडते. बंद ठेवलेला फ्रीज साधारण 4 तास पुरेसा गार राहतो. जनरेटर घेण्याचा विचार पुढे कधी झालाच, तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून बऱ्याच अंतरावर ठेवावा, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही.

बीजांकुर

बियाणी टाकून देण्यापूर्वी त्यांची परीक्षा घ्या. प्रत्येक पाकिटातले 20 दाणे ओल्या, पण पाणी न गळणाऱ्या सुती फडक्यावर सुटे मांडून ते गुंडाळा, वर नाव आणि तारखेची चिठ्ठी लावा आणि ती गुंडाळी सैल झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवा. 7 ते 10 दिवसांनी जितके दाणे मोडावतील, त्याला 5 ने गुणले की शेकडा उगवण मिळते. 50 आली तर दुप्पट दाट पेरून ते पाकीट संपवून टाकावे. 20 च्या खाली गेली तर वाफा आणि मेहनत अडकवू नये.

खिडकीतल्या फळीने मात्र खरेच नुकसान केले असणार. बियाण्याचे आयुष्य ओलावा आणि उष्णता या दोन गोष्टी ठरवतात: दाण्यातील ओलावा 1 टक्क्याने कमी झाला की आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा सुमारे दुप्पट, असा बियाणे साठवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. तेव्हा नीट वाळवलेले दाणे हवाबंद बरणीत, अंधाऱ्या आणि घरातल्या सर्वांत गार जागी असावेत. कांद्याचे बी 1-2 वर्षांतच निकामी होते. टोमॅटोचे चांगले ठेवले तर 4-5 वर्षे चालते.

पुढच्या हंगामात स्वतःचे बी धरायचे असेल, तर सुरुवात टोमॅटो आणि घेवड्यापासून करावी. त्यांची फुले बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळतात, त्यामुळे वाण शुद्ध राहते. भोपळा आणि काकडी यांचे पराग मधमाश्या लांबून आणतात, म्हणून शेजारच्या वेलाशी संकर होऊन पुढच्या वर्षी भलतेच फळ धरण्याची शक्यता असते. पाकिटावर संकरित असे लिहिले असेल, तर त्याच्या पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. बी धरण्यासाठी सरळ वाणच घ्यावे. टोमॅटोचे बी गरासकट 2-3 दिवस आंबवावे, वर तरंगणारे पोकळ दाणे ओतून टाकावेत, तळाशी बसलेले धुऊन ताटलीवर पसरावेत आणि सावलीत वाळवावेत. कागदावर पसरले तर ते असे चिकटतात की सोडवताना टरफल निघून येते.

चूल

उंबरठा, आपण बरण्यांविषयी लिहिलेली दोन वाक्ये वाचून हातातले काम बाजूला ठेवून हे लिहीत आहे. त्या 11 बरण्यांतले काहीही कृपया खाऊ नका, चव घेऊनही पाहू नका.

घेवडा, मका आणि पालेभाज्या या कमी आम्लाच्या वस्तू आहेत. मातीतून त्यांच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे येऊ शकतात, आणि ती 100 अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. उकळण्याने इतर जंतू मरतात आणि बरणीतली हवा निघून जाते, म्हणजे हवा नको असलेल्या या जिवाणूला वाढण्यासाठी हवी तशीच जागा तयार होते. त्याचे विष अत्यंत तीव्र असते, आणि बरणीतल्या पदार्थाचा रंग, वास, चव काहीही न बदलता ते त्यात असू शकते. झाकण फुगलेले नाही, म्हणून बरणी सुरक्षित आहे असे समजू नये. कोणी यातले आधीच खाल्ले असेल आणि दुहेरी दिसणे, पापण्या जड होणे, जीभ अडखळणे किंवा गिळायला त्रास होणे यांपैकी काहीही जाणवले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

ज्या पदार्थांचा आम्ल-निर्देशांक (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) 4.6 किंवा त्याहून खाली आहे, तेच उकळत्या पाण्याच्या पद्धतीने बरण्यांत भरावेत. त्याच्या वरच्या सगळ्या भाज्यांना दाबाखाली 115 ते 121 अंशांपर्यंत नेणारे खास भांडे आणि त्या पदार्थासाठी तपासून ठरवलेला वेळ लागतो. रोजच्या कुकरमध्ये अंदाजाने शिट्ट्या मोजून ते साधत नाही. असे भांडे नसेल, तर भाज्या वाळवाव्यात. उकळत्या पाण्यातून काढून, पातळ काप करून, कडकडीत मोडेपर्यंत वाळवलेली भाजी हवाबंद डब्यात महिनोन्महिने टिकते आणि तिला विजेचीही गरज लागत नाही. आपण केलेल्या बरण्या न उघडता जाड पिशवीत बांधून, मुले आणि जनावरे यांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने टाकून द्याव्यात. मेहनत वाया गेल्याचे दुःख मला समजते. माझ्याही हातून सुरुवातीच्या वर्षी हीच चूक झाली होती आणि एका जाणत्या बाईंनी मला वेळेवर थांबवले.

उंबरठा

3 आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांत आधी चूल यांचे मनापासून आभार; यातले कोणी काही खाल्ले नव्हते, आणि सगळ्या बरण्या त्याच दिवशी टाकून दिल्या.

मुख्य कॉक फाटकाजवळच्या मातीने भरलेल्या खड्ड्यात सापडला. तो मोकळा करायला 2 दिवस लागले, पण आता धाकट्या मुलीलाही तो बंद करता येतो. नळाची बैठक खडबडीतच होती. ती घासून घेतल्यावर नव्या वायसरने गळती पूर्ण थांबली.

चाचणीच्या दिवशी चौघांना मिळून 74 लिटर पाणी लागले. त्यांतले 31 लिटर एकट्या संडासात गेले, आणि पिण्याला व स्वयंपाकाला मिळून फक्त 17. संडासाचा एवढा मोठा वाटा पिण्याच्या पाण्यातून द्यायची गरज नव्हती, हे वहीत आकडे उतरवल्यावर लख्ख दिसले, म्हणून आता 2 पिंपे पिण्याची आणि 2 वापराची अशी वेगळी करून चारही खालीच ओट्यावर ठेवली आहेत. संध्याकाळी मेणबत्त्या एका खोलीत, काडेपेटी दुसऱ्या खोलीत आणि टॉर्चचे सेल तिसऱ्याच खोलीत सापडले. आता या तिन्ही वस्तू दाराजवळच्या एका डब्यात असतात.

बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर 12.4 व्होल्टवर थांबली. 3 दिवे तिच्यावर साडेतीन तास चालले, तेव्हा पंखा आणि राउटर तिला न जोडता ती दिव्यांपुरतीच ठेवायचे ठरले आहे. बियाण्यांत टोमॅटोचे 20 पैकी 13 दाणे मोडावले, घेवड्याचे 16, आणि कांद्याचा एकही नाही.

पाणवठा, पहिले 45 लिटर पाणी वळवण्यासाठी लागणारा 6 मीटर उंच पाइप लावायला भिंत पुरेना, म्हणून 2 मीटरचे 3 तुकडे शेजारी शेजारी उभे करून वरून एकमेकांना जोडले आहेत. बादलीने पाणी ओतून पाहिले; तिन्ही भरल्यावरच पाणी पिंपाकडे वळले. फक्त मधल्या पाइपाच्या टोपणाचे छिद्र गाळाने बुजत आहे. ते मोठे करावे, की टोपण आट्यांचे बसवून दर सरीनंतर हाताने उघडावे?

पाणवठा

आट्यांचे टोपण बसवा आणि छिद्रही तसेच राहू द्या. छिद्र मोठे केले तर पाऊस चालू असतानाच पाइप रिकामा होत राहील आणि चांगले पाणी वाया जाईल. पन्हळीच्या तोंडाशी पानांसाठी जाळी लावली, की गाळ बराच कमी येतो. तरी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तिन्ही टोपणे उघडून पाइप धुऊन काढावेत.